भरताच्या जाळावर बटाटे

बटाटे भाजायला अध्यक्षांची लेखी परवानगी लागते, हे मला साठी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. आपण म्हणतो, बटाटाच तो, घेतला, भाजला, खाल्ला. आमच्या जळगावच्या कॉलनीत तसं चालत नाही. आमच्याकडे थंडी पडली की भरीत पार्टी होते. कुणाच्या तरी शेतात जायचं, पऱ्हाट्या म्हणजे कपाशीची वाळकी झाडं पेटवायची आणि त्या जाळावर वांगी भाजायची. हा जाळ वांग्यांचा. त्यावर दुसरं काही ठेवतो म्हटलं की माणसं अशी बघतात, जणू तुम्ही चपला घालून गाभाऱ्यात शिरलात.

आता बटाटेच का, ते सांगतो. दसऱ्यानंतर आमच्या हेमलतेच्या अंगावर गांधी उठायला लागल्या. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, दूध बंद, दुधापासून झालेलं सगळं बंद आणि वांगंही बंद. डॉक्टर बाहेरगावचे असावेत. खानदेशातल्या बाईचं वांगं आणि तूप एकाच वेळी काढून घेणं म्हणजे भुसावळ स्टेशनातून रूळ उचलून नेण्यासारखं आहे. मी जन्मभर भुसावळच्या पार्सल ऑफिसात नोकरी केली, म्हणून मला दाखले तिथलेच सुचतात.

हेमलतेने तक्रार केली नाही. तक्रार हे खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे. जेवायला बसलो की पहिला घास घेऊन मी "मीठ कमी आहे" म्हणतो, ती उठून मीठ आणते, आणि मग जेवण सुरू होतं. लग्न झाल्यापासून हा क्रम चुकलेला नाही.

पण मध्यंतरी धुळ्याला तिच्या भाचीच्या लग्नाला गेलो. पंगतीत वरण-बट्टी होती. बट्टी तुपात बुडवलेली, वरणावर तूप, शेजारी घोटलेली वांग्याची भाजी, आणि वर ताक. हेमलता माझ्या शेजारी बसली होती. तिने काकडी खाल्ली, आणि वाढपी आला की पानावर आडवा हात धरून "माझं झालं, पोट भरलं" म्हणायची. मी पाचवी बट्टी फोडता फोडता ते खरंही मानलं. घरी आल्यावर पाणी प्यायला आत गेलो, तर ती ओट्यापाशी उभी राहून सकाळची भाकरी तेल-तिखटाशी खात होती. मला बघून दचकली आणि म्हणाली, "काही नाही हो, सहज तोंडात टाकलं."

मला फार वाईट वाटलं. इतकं की मी पाणी न पिताच बाहेर आलो. झोपाळ्यावर बसून मी ठरवलं, यंदाच्या भरीत पार्टीत हेमलता पंगतीत बसून, सगळ्यांच्या बरोबर, पोटभर जेवली पाहिजे. भाकरी असतेच, पण ती कशाशी तरी खायला हवी ना. बटाट्याशी डॉक्टरांचं वैर नव्हतं. शिवाय मोबाईलवर मी एकदा भाजलेले बटाटे पाहिले होते. सोनेरी, कडेने कुरकुरीत, त्यांच्यातून वाफ निघत होती आणि मागे कुणीतरी हळू सतार वाजवत होतं. ते मी करणार होतो, स्वतःच्या हाताने, आणि तिला कळू न देता. कळलं असतं तर तिनेच करून टाकले असते.

मला चहासुद्धा करता येत नाही, हा मुद्दा तेव्हा माझ्या लक्षात आला नाही. मी तंद्रीत होतो. तंद्री हा माझा जुना आजार आहे. तिच्यापायी मी नाशिकचं पार्सल एकदा नागपूरला पाठवलं होतं.

पार्टीच्या बैठकीत मी विषय काढला. आमचे अध्यक्ष लोटन नाना तहसील कचेरीतून निवृत्त झाले, पण कचेरी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. ते म्हणाले, "भाऊ, बटाटा विषयपत्रिकेवर नाही."

"नाना, तोंडी लावण्यापुरतं आहे. आमच्या हेमलतेसाठी."

"वहिनींबद्दल आदर आहे. पण आज तुम्ही बटाटा आणला, उद्या कुणी पनीर आणेल. मग भरीत पार्टी कशाला म्हणायचं? तुम्ही असं करा, अर्ज द्या."

मी अर्ज दिला. 'महोदय, वरील विषयास अनुसरून' लिहिताना वर विषयच लिहिला नव्हता, म्हणून तो परत आला. दुसरा दिला. त्यावर उपसमिती नेमली गेली. उपसमितीत नाना स्वतः आणि आमच्या शेजारच्या प्रमिलाबाई. त्यांनी माझ्याच घरी, माझाच चहा पीत विचारविनिमय केला आणि निर्णय दिला की बटाट्याला तोंडीलावणं म्हणून मान्यता आहे, मात्र जाळावर वांग्यांना प्राधान्य राहील. चहा हेमलतेने केला होता. नाना कशाला आले होते असं तिने नंतर विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "पाणीपट्टीचं होतं."

दुपारी डोळा लागला तर मला स्वप्न पडलं. भुसावळचा फलाट होता, सगळा धुक्यात. हातगाडीवर पोत्यांऐवजी भाजलेले बटाटे रचलेले होते आणि त्यांची वाफ वर छपरापर्यंत जात होती. बाकावर हेमलता लग्नातला शालू नेसून बसली होती आणि एकेक बटाटा सोलून सावकाश खात होती. गाडी कुठली यायची होती ते कळलं नाही, पण कुणालाच घाई नव्हती. उठलो तेव्हा मला खात्री पटली होती की हे काम आपल्याकडून होणार.

रंगीत तालमीची संधी लवकरच मिळाली. हेमलता धुळ्याला बहिणीकडे गेली. मी बाजारातून बटाटे आणले. बाजारात अजून एक अपमान झाला. भाजीवाली भरताची वांगी पुढे करत म्हणाली, "थंडीना दिवसमा बटाटा कोन लेस भाऊ? घरमा कोन्ही आजारी शे का?" मी म्हणालो, "आहे." तिने मग निवडून निवडून बटाटे दिले आणि वर कोथिंबीर घातली.

प्रमिलाबाईंनी त्यांचा विजेवरचा ओव्हन दिला, आणि ओव्हनबरोबर सल्लाही दिला, कारण त्या एक वस्तू दुसरीशिवाय देत नाहीत. "भाऊ, बटाटे आधी ताकात भिजवा. आत मऊ होतात."

"ताई, दुधाचं चालत नाही तिला."

"ताक म्हणजे दूध थोडंच हो! लोणी काढून घेतलं की उरतं काय? पाणीच."

नाना फाटकातून म्हणाले, "ताक नको, गावठी तूप लावा. तूप म्हणजे औषध आहे." ज्यांच्या शेतात पार्टी व्हायची ते धर्मेंद्र स्कूटर थांबवून म्हणाले, "भाऊ, तूप नाही चालत तर बटर टाका. ते तर डब्यात येतं." मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. या हिशेबाने दूध फक्त गायीच्या पोटात असेपर्यंतच दूध होतं. बाहेर पडलं की ते औषध, पाणी किंवा किराणा.

मी शेंगदाण्याचं तेल चोळून बटाटे ओव्हनमध्ये ठेवले, बटण दाबलं आणि आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांचे दिवे गेले. ओळीतले सगळे लोक बाहेर आले, आणि प्रत्येकाने मला विचारलं की बटाटे झाले का. वायरमन आला, त्याने फ्यूज बघितला, मग ओव्हन बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

मग मी गॅसवर कढई ठेवली. बटाटे तेलात पडल्यावर असा छान आवाज झाला की मी खिडकीशी उभा राहून तो ऐकत बसलो. बाहेर लिंबाच्या झाडावर ऊन होतं, एक पोपट शेंड्यावर झुलत होता. पोपट उडाला तेव्हा मला कढई आठवली. बटाटे बाहेरून कोळसा झाले होते आणि आतून तसेच कच्चे. हे कसं साधतं, याचा मी पुष्कळ विचार केला. कढई घासून निघेना, म्हणून माळ्यावर दडवली. बोटही भाजलं.

हेमलता परत आली, दारातच थांबली आणि म्हणाली, "बटाटे जळाले का कुठे?"

"उदबत्ती आहे."

"बटाट्याच्या वासाची?"

मी पेपर वाचू लागलो. तिने कोरफडीचं पान कापून आणलं आणि माझ्या बोटाला बांधून दिलं.

पार्टीचा दिवस उजाडला. टेंपोतून आम्ही सगळे धर्मेंद्रच्या शेतावर निघालो, चोपड्याच्या बाजूला. पिशवीत बटाटे, लसूण, हिरव्या मिरच्या, तीळ आणि तेलाची बाटली होती. हेमलतेने विचारलं तेव्हा पिशवीत माझं स्वेटर आहे असं सांगितलं. स्वेटर मी अंगात घातलेलं होतं.

त्या रस्त्याचं काय सांगावं! दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा, आत हिरवा अंधार, पानांवरून दव ठिबकतंय. मध्येच एखादं कपाशीचं रान, वेचणी संपलेलं, तरी काटक्यांना चिकटून राहिलेला कापूस पांढरा दिसतोय. आणि समोर सातपुडा. तो जवळ येतो असं वाटतं, पण येत नाही. थंडीच्या दिवसांत त्याचा रंग असा निळा असतो की बघणाऱ्याला आपण झोपेत आहोत की जागे, ते कळत नाही. मला वाटलं, हा टेंपो असाच जात राहावा, हेमलता शेजारी बसलेली असावी आणि बटाटे नेहमी भाजायचेच राहावेत. नानांनी माझा खांदा हलवला तेव्हा बाकी सगळे खाली उतरलेले होते.

शेतावर धर्मेंद्रची आई, भिकुबाई अक्का, आमची वाट बघत होती. ऐंशीच्या पुढची, पाठीत वाकलेली, पण आवाज असा की केळीतली पाखरं उडावीत. तिने प्रत्येकाच्या गालावरून हात फिरवला. हेमलतेला म्हणाली, "कितली वाळी गयी वं माय! घरमा खास का नही?" हेमलता हसली. घरात खात नाहीस का, हे ऐकून मी पिशवी घट्ट धरली.

नानांनी पऱ्हाट्या रचल्या, वांगी मांडली आणि हातात काठी घेऊन जाळासमोर असे उभे राहिले की त्यांना विचारल्याशिवाय धूरही वर जाईना. मी बटाटे घेऊन पुढे झालो.

"भाऊ, प्राधान्य!" नाना म्हणाले.

मी थांबलो. वांगी झाली, काढली, तेव्हा बटाट्यांना जागा मिळाली. पण पऱ्हाटीचा जाळ उतावीळ असतो. भडकतो, वांग्याचं साल करपवतो आणि बघता बघता बसतो. माझे बटाटे ठेवेपर्यंत त्याचं अवसान संपलं. बटाटे कोमट झाले. नाना घड्याळ बघून म्हणाले, "बटाट्याची वेळ संपली." एवढे अर्ज करून माणसाला कोमट बटाटे मिळावेत! मला असा राग आला की हाताशी होते तेवढे मी त्या राखेत खोल कोंबले आणि वर काठीने माती ओढली. पुरणं हाच त्या वेळी मला त्यांचा योग्य शेवट वाटला.

पिशवीत अजून बटाटे होते. गोठ्यामागे तीन दगड मांडून मी दुसरी चूल केली. अक्काकडून मागून आणलेल्या पातेल्यात तेल, त्यात ठेचलेला लसूण, मिरच्या, बटाट्याच्या फोडी, वरून तीळ. या वेळी पोपटाकडे बघायचं नाही असं ठरवून मी फोडी हलवत राहिलो. आणि काय सांगू, त्या सोनेरी झाल्या. कडेने कुरकुरीत. वाफ आली. फक्त सतार नव्हती. इतका आनंद मला निवृत्तीच्या समारंभातही झाला नव्हता. मी पातेल्यावर झाकण ठेवलं, तिथेच बाजेवर टेकलो आणि सातपुड्याकडे बघितलं.

तिथेच चुकलं. ऊन कलत होतं. डोंगराचा निळा रंग जांभळ्यात चालला होता, धुराचा एक पट्टा केळीवर आडवा तरंगत होता आणि लांबून वांगी कुटल्याचा ठोका येत होता. मी किती वेळ बघत होतो, सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की माझ्यामागून कुणी ना कुणी सारखं येत-जात होतं, आणि पातेल्याचं झाकण वाजत होतं.

पंगत बसली. मी पातेलं घेऊन मधोमध उभा राहिलो आणि घसा साफ केला. "हेमलता, तू आज उठायचं नाही. हे तुझ्यासाठी आहे. यात दूध नाही, दही नाही, तूप नाही. मी स्वतः केलंय."

हेमलतेचा चेहरा लाल झाला, तिने पदर सावरला आणि माझ्या कोरफड बांधलेल्या बोटाकडे बघितलं. "म्हणजे ती उदबत्ती..." एवढंच म्हणाली.

मी झाकण उचललं. आतून गावठी तुपाचा असा घमघमाट आला की शेजारच्या पंगतीतले लोक वळले.

"तूप कुणी घातलं?"

"मी टाकं!" भिकुबाई अक्का अभिमानाने म्हणाली. "पाव्हनीना ताटले कोरडं कसं वाढू? आम्हना घर कोन्ही कोरडं वाढत नही."

"अक्का, तिला दुधाचं चालत नाही!"

"मंग? तूप काय दूध शे का?"

एवढ्यात प्रमिलाबाई हळूच म्हणाल्या, "मी फक्त दोन चमचे दही घातलं हो भाऊ. फोडी जरा कडक वाटल्या." नाना इकडेतिकडे बघत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो, तेव्हा त्यांनी कबूल केलं की आपणही लोण्याचा एक गोळा सोडला होता, आणि तोही अध्यक्ष या नात्याने. त्या पातेल्यात आता फक्त म्हैस उतरायची बाकी होती.

खरं सांगायचं तर मला रडू आलं. साठी उलटलेला माणूस, चार माणसांत, बटाट्यांचं पातेलं धरून रडणार, हे दृश्य बरं दिसलं नसतं, म्हणून मी धूर लागल्यासारखे डोळे चोळले. एकाही माणसावर रागावता येईना. सगळ्यांनी तिच्यासाठीच घातलं होतं.

हेमलता म्हणाली, "असू द्या हो. मला भूकच नाही. काकडी खाल्ली ना, माझं झालं." आणि तिने पानावर आडवा हात धरला.

तो हात मी धुळ्याला बघितला होता. मी पातेलं खाली ठेवलं आणि चालत सुटलो.

जाळाच्या जागी लोकांनी आता शेकोटी केली होती. पऱ्हाट्यांच्या राखेवर बाभळीचा एक ओंडका टाकलेला होता आणि तो दुपारपासून सावकाश, लाल, काही न बोलता जळत होता. माझे पुरलेले बटाटे त्याच्याखाली होते. मी काठीने निखारे बाजूला केले आणि राख उकरायला लागलो. पहिला निघाला तो कोळसाच. दुसराही कोळसा. नाना मागून म्हणाले, "भाऊ, हात भाजेल," आणि मग स्वतःच त्यांची ती अध्यक्षांची काठी घेऊन उकरायला बसले. तीन बटाटे बरे निघाले. वरून काळे ठिक्कर, पण दाबले तर मऊ.

मी ते पदरात घेतल्यासारखे स्वेटरात घेऊन आलो, हेमलतेच्या ताटाशी बसलो आणि एक फोडला. आतून वाफ आली. धुराचा, मातीचा वास आला. आत पांढराशुभ्र, भुसभुशीत. त्यावर मिरचीचा ठेचा ठेवला आणि कच्च्या तेलाची धार सोडली. बाटली माझ्या हातातून कुणालाही घेऊ दिली नाही. अक्का तुपाचं भांडं छातीशी धरून शेजारी उभी होती आणि तिचा हात सारखा पुढे येत होता. "कोरडं खास का वं माय?" ती काकुळतीने विचारत होती.

"अक्का, तेल आहे ना," हेमलता म्हणाली आणि भाकरी मोडली.

तिने पहिला घास घेतला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. घास खाऊन झाला, दुसरा घेतला, आणि तिसऱ्या घासानंतर मी श्वास सोडला. एक बटाटा संपला. दुसराही संपला. मग दोन्ही हातांनी भाकरीचा पापुद्रा सोडवत ती म्हणाली, "अजून आहे का हो?"

"आहे की." शेवटचा मी तिच्यापुढे ठेवला.

"आणि तुमचं? भरीतही घेतलं नाहीत."

सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. "माझं झालं," मी म्हणालो. "मघाशीच. पोट भरलंय." आणि माझ्या पानावर मी आडवा हात धरला.

हेमलता माझ्याकडे बघत राहिली. हे वाक्य कसं म्हणतात, ते तिच्याइतकं कुणाला माहीत असणार! त्याच वेळी माझ्या पोटात असा आवाज झाला की अक्कालाही ऐकू गेला. हेमलता हसली. मग तिने बटाट्याचे दोन भाग केले, मोठा माझ्या पानावर माझ्या हाताखाली सरकवला आणि म्हणाली, "खा मुकाट्याने. तुम्हाला हे म्हणता येत नाही."

मी घास घेतला. ती चावत चावत जरा थांबली, ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

मी उठलो आणि मीठ आणायला पळालो.